चपटी बाजू

"ह्ये माझ्या धनाजीचं डोस्कं नव्हं," हौसाबाई म्हणाल्या.

ऑफिसातल्या खुर्चीवर त्या एक पाय दुमडून बसल्या होत्या आणि प्लास्टिकची पांढरी कवटी त्यांनी मांडीवर घेतली होती. आमच्याकडे येणाऱ्या माणसांना ती कवटी पाहून शिरशिरी येते. कुणी लांबूनच मान डोलावतं, कुणी हात जोडतं, एका बाईंनी तर तिला हळदकुंकू लावलं होतं. हौसाबाईंनी मात्र बाजारात भोपळा उचलावा तशी ती टेबलावरून उचलली आणि दोन्ही हातांची बोटं तिच्यावरून फिरवू लागल्या. बघत होत्या खिडकीबाहेर.

"मावशी, धनाजीचंच आहे," मी म्हणाले. "हे बघा, खाली नाव आहे. धनाजी बाबूराव गुरव, वय चौतीस."

"नाव आसंल त्येचं. डोस्कं न्हाई."

मला हसू आलं. आज ते आठवलं की लाज वाटते, पण त्या दिवशी आलं खरं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आप्पा सुतारांच्या कारखान्यात मी कामाला होते. आप्पांची हयात लाकडी पॅटर्न करण्यात गेलेली. पंपाचा किंवा इंजिनाचा जो भाग बिडात ओतायचा, त्याची आधी हुबेहूब लाकडी प्रतिकृती करायची आणि तिच्यावरून वाळूत साचा घ्यायचा, हे त्यांचं काम. साठीच्या आसपास त्यांना नवं खूळ लागलं, माणसांच्या कवटीचे तुकडे करण्याचं. डोक्याला जबर मार लागून मेंदूला सूज आली की डॉक्टर कवटीचा तुकडा काढून ठेवतात आणि सूज उतरली की परत बसवतात. पण कधी तो तुकडा खराब होतो. मग त्या भोकाच्या मापाचा टायटॅनियमचा तुकडा करावा लागतो, आणि ज्याची कवटी त्याचंच माप, त्यामुळे तो दुकानात तयार मिळत नाही. सिटी स्कॅनवरून कॉम्प्युटरवर कवटी उभी करायची आणि तिच्यात बसेल असा तुकडा रचायचा, हे माझं काम. तोवर मी अशा चाळीसेक कवट्या केल्या होत्या आणि मला थोडी शिंगं फुटली होती.

आप्पांचा एक हट्ट मात्र मला मुळीच पटत नसे. ओतकामाच्या धंद्यात गिऱ्हाईकानं पॅटर्नला हात लावून पाहिल्याशिवाय पुढचं काम होत नाही. हाच नियम त्यांनी कवट्यांनाही लावला होता. माल डॉक्टरांकडे जाण्याआधी पेशंटच्या घरच्या कुणीतरी येऊन थ्री-डी प्रिंटरवर छापलेली प्लास्टिकची कवटी हातात घेऊन बघायची. "अहो, त्यांना काय कळणार?" असं मी दर वेळी म्हणायचे. "कळलं तर कळलं," आप्पा म्हणायचे. "न्हाई कळलं तर चहा पिऊन जातील."

तर हौसाबाई चहा पिऊन जाण्यासाठी आल्या होत्या, असा माझा समज होता.

धनाजी हा त्यांचा एकुलता मुलगा. गुरवाचं घर, गावच्या भैरोबाची पूजा पिढ्यानपिढ्या त्यांच्याकडे. यात्रेच्या आधी कळसाला निशाण बांधताना तो वरून पडला. जीव वाचला, पण एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत अख्ख्या कपाळाचं हाड काढावं लागलं आणि पुढे ते खराब झालं. आठ महिने तो डोक्याला टॉवेल गुंडाळून घरात बसला होता. भुवयांच्या वर खळगा, पाणी साचेल एवढा. देवाला गंध लावून मग आपल्या कपाळी लावायची गुरवांची रीत. याला लावायला कपाळच नव्हतं. देवळात दुसऱ्याची वर्णी लागली होती. ऑपरेशन गुरुवारी मिरजेला ठरलं होतं, त्या दिवशी मंगळवार होता, आणि टायटॅनियमचं कपाळ टेबलावरच्या डब्यात तयार होतं. चार वाजता आमचा माणूस ते घेऊन मिरजेला निघणार होता. घड्याळात अडीच वाजले होते.

"पण मावशी, तुम्हाला असं का वाटतं?" मी विचारलं.

"वाटत न्हाई, ठावं हाय. चाळीस वरसं न्हाऊ घालतीया तान्ह्या पोरास्नी. आमच्या आन् भवतालच्या चार गावांत एक डोस्कं न्हाई माझ्या हातनं ग्येलं न्हाई आसं. तेल लावून रोज हळू हळू दाबत, वळवत गोल करायचं. लगीन ठरवाय पावणं आलं की आया म्हन्त्यात, पोरीचं डोस्कं बगा, हौसाबाईनं घडवलंय."

"बरं, मग?"

हौसाबाई खुर्चीत जरा पुढे सरकल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "खरं सांगायचं तर मी एक इचाराय आले हुते. धनाजीचं डोस्कं मागनं चपटं हाय, एका अंगाला. तुमी येवढं पुढचं हाड करताय, तर तेवढं मागचं बी गोल करून देताय का, म्हनून. आन् ते चपटं हुडकाय लागले तर ते भलतीकडंच हाय."

"भलतीकडं म्हणजे?"

"त्येचं उजव्या कानामागं हाय. हितं डाव्या कानामागं आलंय."

मला एकदम सगळा उलगडा झाल्यासारखं वाटलं. "मावशी, तुम्ही तिचं तोंड स्वतःकडे करून धरलंय ना? समोरच्या माणसाचं उजवं आपल्या डावीकडे येतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं माणसांची डोकी हाताळणाऱ्या बाईला मी माणसाचं उजवं-डावं शिकवत होते. त्यांनी कवटी फिरवली, तिचं तोंड पलीकडे केलं आणि दोन्ही अंगठे दोन कानांच्या मागे टेकवले.

"ह्यो उजवा कान. हितं गोल. ह्यो डावा. हितं चपटं. तुमीच बगा हात लावून."

मी हात लावला आणि मला काहीच कळलं नाही. मला दोन्ही बाजू सारख्याच लागल्या. मग मी कॉम्प्युटरकडे वळले, कारण माझे डोळे तिथे होते. नाव बरोबर. वय बरोबर. स्कॅनची तारीख बरोबर. तुकडा कवटीत तंतोतंत बसलेला, कडेला केसाएवढी फट नाही. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर हुद्दारांनी चित्रं बघून मंजुरी दिलेली. एकेक गोष्ट मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली आणि शेवटी म्हणाले, "मशीन चुकत नाही हो मावशी."

हौसाबाईंनी कवटी हळूच टेबलावर ठेवली. आपल्या दोन्ही पंजांकडे पाहिलं.

"मग माझंच ध्यान चुकलं आसंल," त्या म्हणाल्या. "मशीन कशाला खोटं बोलंल? म्हातारी झाले. हातातलं ग्येलं आता."

त्या उठल्या आणि पदर सावरून दाराकडे निघाल्या. मला सुटल्यासारखं झालं, हे कबूल करायला हवं. पण माझा एक वाईट स्वभाव आहे, कोडं अर्धवट राहिलं की मला अन्न गोड लागत नाही. सहज म्हणून मी पडद्यावर कवटीला मागून माप लावलं. डावी बाजू उजवीपेक्षा सहा मिलिमीटरनं चपटी निघाली. तीन आठवडे मी त्या कवटीच्या मागे होते आणि माझं सगळं लक्ष कपाळावर. मागची बाजू मी कधी निरखलीच नव्हती. या बाईंनी ते सहा मिलिमीटर खिडकीबाहेर बघत अंगठ्यानं टिपले होते.

म्हणजे चपटेपणा होता. त्या म्हणत होत्या तिथेच, कानाच्या मागे, तेवढाच. फक्त बाजू दुसरी. इतकं सगळं अचूक आठवणारी आई बाजू तेवढी विसरेल?

"मावशी, थांबा जरा," मी म्हणाले. "बसा. आप्पा, इकडे येता का?"

आप्पा पलीकडे पॉलिशच्या खोलीत होते. रबरी हातमोजे तसेच घालून आले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ना कवटीकडे पाहिलं, ना पडद्याकडे.

"वैजू, पहिल्यापास्नं काय काय केलंस ते सांग. काय गाळू नगंस."

"नेहमीचंच. स्कॅनची सीडी आली. फक्त या वेळी नेहमीच्या फाइली नव्हत्या, नुसती चित्रं होती. डोक्याच्या आडव्या कापांची, दोनशे बारा. ती एकावर एक रचली, कवटी तयार झाली."

"नेहमीच्या फाइलीत आन् चित्रात फरक काय?"

"नेहमीच्या फाइलींत कुठला काप वर, कुठला खाली, ते लिहिलेलं असतं. चित्रांत नसतं."

"मग तुला कसं कळलं?"

"कवटी उलटी आली ना, टाळू खाली आणि जबडा वर. मग फिरवून सरळ केली."

"नुसती फिरवलीस?"

"हो. आणखी काय करणार?"

आप्पा स्टुलावर बसले. त्यांनी उजव्या हातातला मोजा काढून माझ्यासमोर टेबलावर टाकला.

"ह्यो उजव्या हाताचा. ह्येला कसा बी फिरव. उभा कर, आडवा कर, उलटा टांग. डाव्या हातात नीट बसंल?"

"नाही."

"कवा बसंल?"

मी मोजा उचलला आणि त्याची बोटं आत ढकलू लागले. मोजा आतून बाहेर पालटला तर तो डाव्या हातात बसतो. मी काप उलट्या क्रमानं रचले होते. खालचा वर, वरचा खाली. त्यानं कवटी नुसती उलटी होत नाही, ती मोज्यासारखी पालटते. नंतर ती कितीही फिरवली तरी आरशातलीच राहते. डावं ते उजवं, उजवं ते डावं. एरवी हे लगेच ध्यानात आलं असतं, कारण भोकच चुकीच्या बाजूला दिसलं असतं. पण धनाजीचं भोक मधोमध होतं, इकडून तिकडे सारखं. बाजूच नव्हती, त्यामुळे चुकलेली बाजू कुणालाच दिसली नाही, मलाही नाही, डॉक्टरांनाही नाही. आणि चुकीच्या कवटीवर चुकीचा तुकडा अर्थातच तंतोतंत बसला.

"उमेदीत मी एकदा डाव्या अंगाच्या ब्रॅकेटचं पॅटर्न उजवं केलं हुतं," आप्पा म्हणाले. "चाळीस नग ओतून झाल्यावर कळलं. ते भंगारात तरी घालता आलं."

"पण झालंच असेल असं नाही," मी म्हणाले. "काप बरोबर असतील आणि मावशीच..."

"मग बघून यी की. धनाजी भाईर जीपमधी बसलाय."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्या डोक्यावर मी तीन आठवडे काम करत होते, ते डोकं पन्नास पावलांवर, कडुलिंबाच्या सावलीत, जीपच्या मागच्या सीटवर बसलेलं होतं. चाळीस कवट्या केल्या होत्या मी, आणि त्यांतल्या एकाही माणसाला हात लावला नव्हता.

धनाजी सडपातळ, सावळा, डोळ्यांनी हसरा माणूस. मला बघून त्यानं टॉवेल आणखी खाली ओढला.

"मी वैजयंती. तुमचं कपाळ करणारी," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार? "डोक्याला मागून हात लावू का?"

"लावा की." त्यानं टॉवेल काढला. "डॉक्टर सोडून कोन लावत न्हाई. आई बी न्हाई. म्हन्ती, परत टाळू उघडी पडली ह्येची, भ्या वाटतंय. आमची धाकटी पाच वरसांची हाय, ती तर दारातनंच बोलती. म्हन्ती, बाबा, गुरुवारी कपाळ आलं की मग मांडीवर बसती."

मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. हौसाबाईंनी टेकवले होते तसे दोन अंगठे दोन कानांच्या मागे टेकवले. केस, कातडी, खाली ऊब. मला भीती होती की याही वेळी काही कळणार नाही.

कळलं. उजवा अंगठा सपाट जागेवर होता, डावा उतारावर. डोळे मिटून तीनदा पाहिलं. तीनही वेळा उजवाच.

आणि मागची एक बाजू दबलेली असली की त्याच बाजूचं कपाळ जरासं पुढे येतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. डब्यातलं टायटॅनियमचं कपाळ डाव्या अंगाला पुढे होतं. गुरुवारी डोकं उघडल्यावर ते एका कडेला उचललेलं राहिलं असतं. नेटानं बसवलंच असतं, तर ती कड पातळ कातडीला आतून कापत राहिली असती.

"काय झालं वो?" धनाजीनं विचारलं. "गप का?"

"गुरुवार पुढे जाईल बहुतेक," मी म्हणाले. "चूक झाली आहे. माझ्याकडून."

तो बराच वेळ टॉवेलची घडी घालत राहिला. "पोरीला सांगाय लागंल," एवढंच म्हणाला. मला रागावला असता तर बरं वाटलं असतं.

आत येऊन मी डॉक्टर हुद्दारांना फोन लावला. काय बोलायचं ते वाटेत जुळवून ठेवलं होतं: तांत्रिक अडचण, फाइलींचा दोष, स्कॅन सेंटरनं नीट दिलं नाही. आप्पा समोर उभे होते. त्यांच्या नजरेपुढे मला "तांत्रिक" हा शब्द तोंडातून काढता येईना.

"सर, धनाजी गुरवची कवटी मी आरशातली केली आहे. तुकडा बसणार नाही. माझी चूक आहे."

 मग त्यांनी मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. त्यातलं एकही वाक्य अवास्तव नव्हतं. शेवटी आवाज निवळला. "मंजुरी मीही दिली होती," ते म्हणाले. "कुणाच्या लक्षात आलं?"

"पेशंटच्या आईच्या. हातानं."

"हातानं?" डायरी चाळल्याचा आवाज आला. "नवा स्कॅन उद्या करून घ्या. पुढच्या शुक्रवारी बघू."

हौसाबाई अजून खुर्चीतच होत्या. इतका वेळ आमची पळापळ बघत होत्या, पण कुणी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर जाऊन खाली बसले.

"मावशी, तुमचं बरोबर होतं. उजवीकडंच आहे. मशीननं नाही, मी चुकवलं. तुम्ही आला नसता तर..."

त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. आधी आपल्या हातांकडे बघितलं, मग डोळ्यांना पदर लावला आणि हसल्या. "आगं बया! मला वाटलं, माझं हातच ग्येलं. घटकाभर जीव थाऱ्यावर नव्हता. परवा एक बाळंतीण हाय, तिथं कसं जायाचं म्हनून इचार करत बसले हुते."

मुलाचं ऑपरेशन पुढे गेलं होतं आणि ही बाई हात शाबूत असल्याच्या आनंदात होती. मला तेव्हा ते विचित्र वाटलं. आता वाटत नाही.

नवा स्कॅन आला, या वेळी नीट फाइलींसकट. मी दर टप्प्यावर कवटी छापून अंगठे लावून बघितली. कारखान्यातले हसले, हसू दे म्हटलं. ठरल्या शुक्रवारी ऑपरेशन झालं. डॉक्टर हुद्दारांचा फोन आला, "एकदाही दाबावं लागलं नाही. ठेवला आणि बसला." त्यांनी फोन ठेवल्यावर मी पॉलिशच्या खोलीत जाऊन मनसोक्त रडले. आप्पांनी मशीन चालू करून दिलं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

टाके काढायच्या दिवशी मी मिरजेला गेले. धनाजी पलंगावर बसला होता, टॉवेलाशिवाय. धाकटी त्याच्या मांडीवर चढून टाक्यांच्या खुणा मोजत होती आणि दर वेळी चुकत होती. हौसाबाईंनी तळहात त्याच्या कपाळावर ठेवला, इकडून तिकडे सावकाश फिरवला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. एवढं मोठं प्रशस्तिपत्रक मला पुढे कधी मिळालं नाही.

थोड्या वेळानं त्या बाहेर व्हरांड्यात बाकावर येऊन बसल्या. मीही शेजारी बसले. इतके दिवस एक गोष्ट मनातून जात नव्हती.

"मावशी, एक विचारू? कॉम्प्युटर, डॉक्टर, मी, सगळे एकीकडे आणि तुम्ही एकट्या. डावं-उजवं माणसं विसरतात. चौतीस वर्षांपूर्वीचं तुम्हाला इतकं पक्कं कसं ठाऊक?"

त्यांनी दारातून आत धनाजीकडे पाहिलं. 

"धनाजी महिन्याचा आसताना त्येचा बा वारला," त्या म्हणाल्या. "दीड महिन्याचा झाला आन् मी परत कामाला लागले. पाच-सा घरं फिरायची. सकाळी निघायची ती दोन वाजता परत. पाळना न्हवता. ह्येला वाकळंवर निजवायचं, शेजारच्या म्हातारीला सांगायचं, आन् जायाचं. लोकांच्या पोरांची डोस्की गोल करून घरला यायची, तर माझं प्वार एका अंगाला मान टाकून पडल्यालं. मी मान सरळ करायची. दुसऱ्या दिशी पुन्ना तसंच. डोस्कं गोल ऱ्हावं म्हनून राळ्याच्या दान्यांची उशी करून दिली, तिच्यावनं बी मान वळवायचा. रोज बोटाखाली कळायचं, आज कालच्यापरास जास्त चपटं झालंय. हाताला कळत हुतं, आन् काय करता येत नव्हतं."

"पण एकाच बाजूला का?"

हौसाबाईंनी दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले.

"दार उजव्या अंगाला हुतं, ताई. मी ज्या दारानं भाईर पडायची, त्या दाराकडं त्वांड करून पडायचा. मी येस्तवर."